लेकॉकचें घर, बाग आणि ‘उंदराचे सापळे’

छंद आणि संसार हीं दोन्हीं एका घरांत सुखानें नांदूं शकतात काय, हा प्रश्न जेथें कोणास कसला तरी छंद आहे त्या प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां निघतोच. छंद दोन असले म्हणजे तर विचारावयासच नको. बाग सकाळचा वेळ मागते. आणि फिल्मवर छायाचित्रें काढून तीं स्वतःच्या हातानें धुणारा मनुष्य रात्रीं न्हाणीघराचें दार लावून घेतो. उरल्या वेळांत संसार बसवावयाचा! या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस एका इंग्रज दांपत्याची आठवण होते. कारण कागदावरील छायाचित्र हें बागेंत रमणाऱ्या एका गृहस्थाच्या संसारांतच उगवलेलें रोप आहे.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांचा जन्म १८०० सालचा. इंग्लंडांत विल्टशायरमधील लेकॉक ॲबी हें त्यांचें वडिलोपार्जित घर. मूळचा तो जोगिणींचा मठ होता. गणित, प्रकाशशास्त्र, प्राचीन भाषा असे त्यांचे अनेक व्यासंग. परंतु वनस्पतींची गोडी लहानपणापासूनची. घरच्या आवारांत त्यांनीं नानाविध झाडें लावलीं आणि वनस्पतिशास्त्रज्ञांशीं पत्रव्यवहार ठेविला. १८२९ सालीं ते लिनियन सोसायटीचे व १८३१ सालीं रॉयल सोसायटीचे सभासद झाले. १८३२ च्या डिसेंबरांत त्यांचा कॉन्स्टन्स मंडी यांच्याशीं विवाह झाला.

पुढील वर्षीं हें नवपरिणीत जोडपें युरोपच्या प्रवासास निघालें व ऑक्टोबरांत इटलींतील कोमो सरोवराच्या कांठीं येऊन राहिलें. कॉन्स्टन्सबाईंचा हात चित्रकलेंत चांगला होता. बरोबरच्या नणंदाही सहज रेखाटनें करीत. टॅल्बट यांना मात्र चित्र जमेना. डोळ्यापुढचें दृश्य कागदावर पडल्यासारखें दिसावें म्हणून कॅमेरा ल्युसिडा नांवाचें लोलकाचें उपकरण त्यांनीं वापरून पाहिलें. पण डोळा बाजूला घेतांच कागदावर वेड्यावांकड्या रेघांवांचून कांहीं उरत नसे. तेव्हां त्यांच्या मनांत आलें कीं, निसर्गाचें प्रतिबिंब आपल्या हाताच्या साह्यावांचून आपोआप कागदावर उमटून टिकून राहिलें तर! विद्वान् पतीला जें साधत नाहीं तें पत्नी शेजारीं बसून लीलेनें करीत आहे, अशा प्रसंगीं कित्येक गृहस्थ रुसून बसते. टॅल्बट यांनीं त्या उणिवेंतून एका विद्येचा शोध आरंभिला.

घरीं परत आल्यावर १८३४ सालीं प्रयोगांस सुरुवात झाली. कागद मिठाच्या पाण्यांत भिजवावयाचा, वाळला म्हणजे त्यावर सिल्व्हर नायट्रेटचें द्रावण फिरवावयाचें. कागदांत सिल्व्हर क्लोराइड तयार होतें आणि तें उजेडानें काळें पडतें. अशा कागदावर पान किंवा फूल ठेवून वर कांच दाबून उन्हांत ठेविलें कीं भोंवतालचा कागद काळवंडतो आणि पानाची आकृति पांढरी राहते. मग तीव्र मिठाच्या पाण्यानें ती टिकवावयाची. या चित्रांस प्रथम पानेंफुलेंच मिळावीं हा केवळ योगायोग म्हणतां येत नाहीं. कागद इतका मंद होता कीं त्यास भर ऊन आणि चिकटून बसणारी सपाट वस्तु लागे. आणि ज्याला वनस्पति दाबून, वाळवून, कागदावर पसरून ठेवण्याची संवय, त्याच्या घरीं अशा वस्तूंची वाण कशी असणार? बागेनें छायाचित्रास आपलीं पहिलीं गिऱ्हाइकें पुरविलीं तीं अशीं.

पुढें त्यांनीं लहान लहान लांकडी पेट्या करविल्या. पेटी लहान म्हणजे भिंगापासून कागदाचें अंतर थोडें, प्रतिबिंब इवलेंसें, पण त्यामुळेंच अधिक उजळ. म्हणून मंद कागदावरही तें उमटे. १८३५ च्या ऑगस्टमध्यें घरांतील जाळीदार खिडकीचें सुमारें एक इंच आकाराचें चित्र अशाच पेटीनें घेतलें. त्यांतील सुमारें दोनशें तावदानें भिंगानें मोजतां येत, असें टॅल्बट यांनींच नमूद केलें आहे. या पेट्या घरभर व आवारांत मांडलेल्या पाहून कॉन्स्टन्सबाईंनीं त्यांना नांव दिलें ‘उंदराचे सापळे’. त्याच वर्षींच्या सप्टेंबरांतील पत्रांत त्या पतीस विचारतात कीं, वेल्सला जातांना सापळे बरोबर नेणार ना? तेथील कांहीं दृश्यें घेऊन आलांत तर फार बरें होईल. या थट्टेंत कुरकूर नाहीं, कुतूहल आहे.

यानंतर मात्र हा छंद मागें पडला. घरांत १८३५ व १८३७ सालीं मुली जन्मल्या होत्या. संसारानें छंद गिळला, असें म्हणण्याचा मोह आपल्याला होईल. परंतु टॅल्बट यांचा वेळ प्रकाशशास्त्र, गणित व प्राचीन विद्या यांनीं घेतला होता. १८३८ सालीं गणितासाठीं त्यांना रॉयल सोसायटीचें पदकही मिळालें. एका छंदाला भिणें असेल तर तें बहुधा दुसऱ्या छंदालाच असतें. बोल मात्र संसारास लागतो. १८३९ च्या जानेवारींत फ्रान्समध्यें दागेर यांच्या शोधाची घोषणा झाली, तेव्हां टॅल्बट खडबडून जागे झाले आणि त्याच महिन्यांत आपलीं चित्रें त्यांनीं लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मांडलीं.

त्याच वर्षीं कॉन्स्टन्सबाईंनीं स्वतः चित्रें उतरविण्याचा प्रयत्न केला आणि आपल्या खटपटीस फारसें यश येत नसल्याचें पतीस कळविलें. त्यांच्या पदरीं तेव्हां तीन मुली, धाकटी अवघी कांहीं महिन्यांची! छायाचित्रणाचा प्रयत्न करणाऱ्या अगदीं पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. परंतु त्यांच्या हातचें म्हणून निर्विवाद दाखवितां येईल असें कांहीं उरलें नाहीं. १८४० च्या सप्टेंबरांत टॅल्बट यांस गॅलिक ॲसिडानें कागदावरील अदृश्य प्रतिमा दृश्य करण्याची युक्ति सांपडली. तासांचें काम मिनिटांवर आलें, आणि एका ‘निगेटिव्ह’वरून हव्या तितक्या प्रती निघूं लागल्या. पुढें आलेल्या फिल्मचें मूळ येथेंच आहे. ऑक्टोबरांत या नव्या रीतीनें त्यांनीं पत्नीचें चित्र घेतलें. कांहीं मिनिटें निश्चल बसण्याचें काम बाईंकडे आलें.

१८४४ ते १८४६ या काळांत टॅल्बट यांनीं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हा चोवीस छायाचित्रांचा ग्रंथ सहा भागांत काढला. त्यांत चिनी मातीचीं भांडीं आहेत, फळांची टोपली आहे, झाडाचें पान आहे, उघड्या दाराशीं टेकलेला केरसुणीचा खराटा आहे. घरसंसाराचा हा संभार या कलेचा विषय झाला, तो कलावंत घरांत राहिला म्हणून.

वेळेचे सारखे वांटे करून छंद आणि संसार यांचा तोल राहतो, असें या इतिहासावरून आम्हांस दिसत नाहीं. एकाचा कच्चा माल दुसऱ्यानें पुरवावा, थट्टेस जागा असावी, अशानें तो पुष्कळसा राहतो. पण लेकॉकमध्येंही तराजू पूर्ण समतोल नव्हता. पतीला प्रयोग अर्धा टाकून चार वर्षांनीं उचलण्याची मोकळीक होती. पत्नीला फसलेल्या प्रयोगावर दुसरा करावयास कितीशी सवड मिळाली असेल? कॉन्स्टन्सबाई १८८० सालीं वारल्या, पतीमागें तीन वर्षांनीं. न्हाणीघराचें दार रात्रीं लावून घेणाऱ्यांनीं आंतल्या लाल दिव्याशीं कधीं दुसऱ्यासही उभें राहूं द्यावें आणि त्या वेळीं मुलांकडे आपण पाहावें, एवढें तरी या कथेनें सुचवावें.