मॅटखालचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी गेलो आणि आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीत सहज जाऊन बसलो, तर मोजे भिजले. गाडी आठ दिवस जागची हलली नव्हती. काचा बंद, सीट कोरड्या. पण पायाखालचं कार्पेट पिळलं असतं तर तांब्याभर पाणी निघालं असतं.

बाबांनी गाडी विकायला काढली होती. पुण्याच्या एका हौशी माणसाने फोटो बघून बयाणाही पाठवला होता. "जुन्या गाडीत थोडं पाणी येतंच. वाळव आणि नवीन मॅट टाकून दे," बाबा म्हणाले. मी मॅट टाकण्यासाठीच कार्पेट उचललं. खाली कुजलेलं अस्तर, त्याखाली डांबरासारखा काळा लेप. लेपावर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो आरपार गेला. भोकातून अंगणातली लाल माती दिसत होती.

गाडीचा तळ म्हणजे घरातल्या फरशीसारखी गोष्ट, खराब झाली तर बदलायची, असं मला वाटायचं. सुरुवातीच्या गाड्यांत ते खरंही होतं. बैलगाडीच्या साटीसारखी बॉडी वर ठेवलेली, आणि वजन पेलायला खाली लोखंडी चॅसी. तळ सडला तरी गाडी उभी राहायची. मग 1922 मध्ये लॅन्सियाने 'लॅम्ब्डा' आणली, 1934 मध्ये सिट्रोएनने 'ट्रॅक्सियाँ अव्हाँ'. यांत वेगळी चॅसीच नव्हती, बॉडीच सगळं वजन पेलत होती. फियाटने ही पद्धत 1950 च्या '1400' मध्ये आणली, मग 1953 च्या '1100' मध्ये. आपली पद्मिनी त्या 1100 च्याच वंशातली. म्हणजे तिच्यात तळाचा पत्रा, मधला बोगदा आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या हाच कणा. मी ज्यात स्क्रूड्रायव्हर घातला ती फरशी नव्हती, तुळई होती. ड्रायव्हरच्या सीटचा एक बोल्ट त्याच पत्र्यात होता.

पत्रा वरून न दिसता आतून कसा सडतो, याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या एका साध्या प्रयोगात आहे. त्यांनी लोखंडावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी कमी पोचतो. लोखंड विरघळतं ते मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी. तांबडा गंज मात्र जरा बाहेर, कड्यासारखा जमतो. ओलं कार्पेट म्हणजे असा भलामोठा, कधीच न सुकणारा थेंब. त्यात रत्नागिरीची खारी हवा.

खरा इतिहास सापडला तो आजोबांच्या वहीत. गाडी 1984 ची, आणि पेट्रोलपासून पंक्चरपर्यंत सगळा खर्च तारखेनिशी लिहिलेला. मी वही उघडून मिस्त्रींसोबत गाडीखाली झोपलो. लेप खरवडल्यावर तीन ठिगळं निघाली आणि तिन्ही वहीत सापडली.

पहिलं 1989 चं. जाड पत्रा, चारही बाजूंनी पितळेने जोडलेला, अजून शाबूत. "हे काम करायला दोन दिवस गेले असणार," मिस्त्री म्हणाले. ते दिवसच तसे होते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात '1100 डिलाइट' बनू लागली आणि 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवाना ठरवायचा, त्यामुळे बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तरी आमच्यासारख्या घरांना दुसरी गाडी घेणं सोपं नव्हतं. म्हणून आहे तीच जगवायची, आणि ठिगळही नव्या पत्र्याच्या तोडीचं लावायचं.

दुसरं ठिगळ 1997 चं. पातळ पत्रा, नुसता रिव्हेट मारलेला. 1993 मध्ये मोटारींवरचा परवाना उठला होता, रस्त्यावर नव्या कंपन्यांच्या गाड्या आल्या होत्या. पद्मिनी अजून लाडकी होती, पण एकुलती राहिली नव्हती.

तिसरं 2006 चं. फायबरचं कापड आणि वर काळा लेप. सडका पत्रा कापलासुद्धा नव्हता, नुसता झाकला होता. पद्मिनीचं उत्पादन तोवर थांबलं होतं आणि घरासमोर बाबांची नवी गाडी उभी होती. वहीतली ती नोंद आजोबांच्या अक्षरातली नव्हती, बाबांच्या अक्षरातली होती.

मी वही बाबांपुढे धरली. ते बराच वेळ बघत राहिले. "त्या वर्षी तुझी शाळा बदलली," एवढंच म्हणाले. मला पुढे काही विचारवेना.

तिन्ही वेळा एक गोष्ट मात्र कोणीच केली नव्हती. पाणी येतं कुठून, ते शोधलं नव्हतं. आम्ही ते शोधलं. मिस्त्री टॉर्च घेऊन आत बसले, मी बाहेरून पाइप धरला. आधी खाली, मग हळूहळू वर, एका वेळी एकच जागा. पुढच्या काचेचं रबर एका कोपऱ्यात कडक होऊन चिरलं होतं, तिथून थेंब आले. पण धार आली ती दारातून. काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरतं आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. कोणत्याही गाडीत हे असंच असतं. आमच्या दाराची भोकं 2006 च्या लेपाने बुजली होती. गंजापासून वाचवायला मारलेल्या लेपानेच इतकी वर्षं पाणी आत साठवलं.

शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर 2023 मध्ये उतरली. तिला गंजाने नाही, टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेने घालवलं. तेव्हापासून उरलेल्या पद्मिनींकडे लोक प्रेमाने बघतात. आम्हाला गिऱ्हाईक मिळालं तेही त्यामुळेच. ते फक्त वरून बघणार होतं, आणि नवीन मॅट आणलेली होती.

"त्यांना फोटो पाठव," रात्री जेवताना बाबा म्हणाले. "सगळे. सीटच्या बोल्टचासुद्धा."

पाठवले. दोन दिवसांनी त्यांनी नम्रपणे नकार कळवला आणि आम्ही बयाणा परत केला.

मग सीट आणि कार्पेट बाहेर काढलं, बॅटरीची वायर सोडवली. मिस्त्रींनी सडका पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, नवा वाकवून बसवला, वेल्ड केला. सांध्यांत सीलर, दोन्ही बाजूंनी रेड ऑक्साइड आणि रंग. काचेचं रबर नवं घातलं. दाराची भोकं मी तारेने मोकळी केली. पितळेचं ठिगळ मिस्त्रींनी कापलं नाही. "याला कशाला हात लावायचा?" म्हणाले.

खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने शहाणपणाचा नव्हता. गाडी अजून अंगणात आहे, विकायची की नाही ते ठरलेलं नाही. वहीत बाबांनी 2006 च्या खाली तारीख घालून एक ओळ लिहिली आहे: "तळ, दोन्ही बाजू, कापून नवा. दाराची भोकं दर पावसाळ्याआधी बघणे."