साखळीचा संडास आणि झाकणाखालचा माणूस

यंत्र आले की माणूस हलक्या कामातून सुटतो, असे आपले सुधारक सांगत आले. साखळी ओढताच मैला वाहून नेणाऱ्या संडासाबद्दल तर हे विशेष हिरिरीने सांगितले गेले. टोपलीचे संडास गेले की मेहतर मोकळा! इतिहास वेगळे सांगतो.

१७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग याने पाण्याच्या संडासाचे पेटंट घेतले. खरी करामत होती ती नळीच्या वाकणात. वाकणात पाणी साचून राहते, त्यामुळे खालचा वायू घरात शिरत नाही. घरातल्यांच्या नाकाची सोय झाली. वायू मात्र नाहीसा झाला नाही. तो खालीच कोंडला गेला. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झाली, तेव्हा जोसेफ बॅझलगेटच्या योजनेनुसार शहराखाली मोठाली गटारे बांधली गेली. पुढे ही विद्या इंग्रजांबरोबर मुंबईतही आली. तिकडे गटारात उतरणारा दारिद्र्याने उतरे. इकडे तो जातीने ठरलेला होता. यंत्र आयात झाले, पण त्याच्या तळाशी उभा करायचा माणूस वर्णव्यवस्थेने आधीच तयार ठेवला होता.

हवेवाचून मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. पहिल्याला सडक्या अंड्यांचा वास असतो. पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. वर्तमानपत्र लिहिते, 'गुदमरून मृत्यू'. जणू यात कुणाचा हातच नव्हता! डोक्यावरची टोपली निदान गल्लीतून जाताना दिसे; पांढरपेशांना नाकाला पदर तरी लावावा लागे. लोखंडी झाकणाने तेवढीही अडचण ठेवली नाही.

१९९३ च्या कायद्याने कोरडे संडास आणि हाताने मैला वाहणे बंद केले व पाण्याचे संडास बांधा म्हणून सांगितले. गटारात उतरणारा त्याच्या व्याख्येत नव्हता. २०१३ च्या कायद्याला तो दिसला. तरी तिथेही बंदी आहे ती संरक्षक साधने न देता उतरवण्यावर, आणि कंत्राटदाराच्या कागदावर साधने असतातच. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूला १० लाख रुपये भरपाई ठरवली, २०२३ साली ३० लाख. मात्र ती मागायची तर मेलेला माणूस कामावर होता हे घरच्यांनी दाखवावे लागते, आणि हजेरीपटावर त्याचे नाव बहुधा नसते.