गिरणीतून हिरवळीवर आलेलं पातं

इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या खोऱ्यात एके काळी लोकरी कापडाच्या गिरण्या जोरात चालत. कापड विणून झालं की त्याची लव उभी करायची आणि मग ती एकसारखी कातरायची. हे काम आधी कारागीर भल्यामोठ्या कात्रीने करत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी यंत्र आलं: फिरत्या रुळावर पीळ दिलेली पाती आणि त्याखाली एक स्थिर, सरळ पातं. दोहोंच्या मध्ये लव सापडली की कातरली जाई.

थ्रप गावच्या एडविन बडिंग यांनी हीच युक्ती गवताला लावली आणि १८३० मध्ये तिचं पेटंट घेतलं. जॉन फेराबी यांच्या कारखान्यात ही लोखंडी यंत्रं तयार होऊ लागली. तोवर हिरवळ राखायची ती लांब दांड्याच्या कोयत्याने. गवत दवाने ओलं असतानाच नीट कापलं जाई, त्यामुळे माळ्यांना पहाटेच कामाला लागावं लागे. बडिंग यांचं यंत्र कोरडं गवतही कापत होतं. त्यांचं हे श्रेय मला फार मोठं वाटतं.

रुळाच्या यंत्राची धार राखताना त्याचं हे कुळ ध्यानात ठेवावं. ते कात्रीचंच आहे, दोन कडा एकमेकींना जेमतेम टेकल्या तरच कापतं. कागदाची पट्टी स्वच्छ कापली गेली तर जुळणी ठीक समजावी. धार बोथट झाली असेल तर कडांना घासणीचा लेप लावून रूळ उलटा फिरवतात. लेप लांब दांड्याच्या ब्रशनेच लावायचा. इंजिन बंद आहे म्हणून निर्धास्त राहू नये. एक पातं हाताने ढकललं की सगळी फिरतात आणि बोट आत सापडतं.

विसाव्या शतकात आडवं फिरणारं पातं आलं. १९५२ मध्ये सिडनीत मर्विन रिचर्डसन यांनी भंगारातून असं एक यंत्र जुळवलं. त्याची पेट्रोलची टाकी म्हणजे पीच फळांचा रिकामा डबा! या जातीत खालचं पातं नाही, गवत तुटतं ते निव्वळ वेगाने. ५० सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने धावतं. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की चालत ढकलायच्या यंत्राची मूठ सोडल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. गवत कापणाऱ्याला या नियमाचं संरक्षण मिळालं. धार लावणाऱ्याला मात्र स्वतःच जपावं लागतं.

पेट्रोलच्या यंत्रात पातं बहुधा थेट इंजिनाच्या दांड्यावरच बसवलेलं असतं. ते हाताने फिरवलं तर इंजिनही फिरतं आणि क्वचित सुरू होऊ शकतं. म्हणून आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवायची. विजेच्या यंत्राची पिन किंवा बॅटरी काढायची. मगच यंत्र कलंडवायचं, तेही कार्बुरेटरची बाजू वर ठेवून, म्हणजे तेल-पेट्रोल भलतीकडे उतरत नाही. हातात जाड हातमोजे हवेत. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवावा आणि नट मापाच्याच पान्याने सोडवावा. जबडा लहान-मोठा करता येणारा एक पानाही बडिंग यांनी काढला होता, पण इथे तसला पाना नको. तो नटावरून निसटला तर हात थेट धारेवर जातो.

खालची बाजू कोणती, याची खूण आधीच करावी. कानस मूळच्या उताराला धरूनच चालवावी. वस्तऱ्यासारखी धार काढली तर ती पहिल्याच खड्यावर मोडते. मग पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून आडवं धरावं आणि सोडावं. जी बाजू खाली झुकेल ती आणखी थोडी घासायची. तोल साधला नाही तर यंत्र थरथरतं आणि बेअरिंग लवकर झिजतं.

वाकलेलं किंवा तडा गेलेलं पातं ठोकून सरळ करू नका. ठोकल्याने धातू आणखी कमकुवत होतो आणि त्या वेगात तुकडा उडाला तर कुठे जाईल सांगता येत नाही. नवं पातं आणा आणि नट पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळा.