हँडलपासून स्टार्टरपर्यंत

पूर्वीं मोटारगाडी सुरू करावयाची म्हणजे पुढें उभें राहून हँडल फिरवावें लागे. इंजिनानें उलट झटका दिला, कीं मनगटच मोडे. चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत बसला आणि हें संकट टळलें. दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडतांना त्यांस उमगलें होतें, कीं क्षणभरच चालावयाचें असल्यास लहान मोटरही मोठा भार पेलते.

जुनी गाडी जतन करणारांनीं हेंच ध्यानीं ठेवावें. बटण फार वेळ दाबून धरूं नये. मोटरीस मधून विसांवा द्यावा. झिजलेले कार्बनचे ब्रश बदलावे; तांब्याचा कम्युटेटर व बॅटरीचीं टोकें स्वच्छ राखावीं. नाहीं तर पुन्हां हँडल हातीं येतें, आणि मनगटाचें भय तेंच!