पिंगळ्यांच्या माळावरचे स्टेडियम

१५ ऑक्टोबर २०११ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील बोका रॅटन या शहरात एक नवे स्टेडियम खुले झाले. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाने ते आपल्या आवारात, आपल्या फुटबॉल संघासाठी बांधले होते. खर्च सुमारे ७ कोटी डॉलर, प्रेक्षकांसाठी जागा सुमारे ३० हजार. पहिल्याच सामन्यात यजमान संघ वेस्टर्न केंटकी विद्यापीठाकडून २०-० असा हरला. त्या हंगामातल्या १२ सामन्यांपैकी त्याला एकच जिंकता आला.

हरणारे संघ जगात पुष्कळ आहेत, त्यात नवल नाही. नवल आहे ते हिशेबाचे. ज्या संघाचा पहिला सामना होऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती, ज्याच्यामागे श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या पिढ्या नव्हत्या, त्याच्यासाठी एवढी वास्तू कुणाच्या भरवशावर उभी राहिली? ती याच जागी का उभी राहिली? आणि बांधून झाल्यावर ती नेमकी कुणाची ठरली? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांनी मिळाले, आणि ते ज्यांनी दिले त्यांच्याकडून कुणी ते मागितलेच नव्हते.

प्रथम एक खुलासा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. शिरस्त्राणे घालून, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा, फेकण्याचा आणि धडका देण्याचा तो खेळ आहे. त्याचे व्यावसायिक संघ आहेतच. पण शनिवारी होणाऱ्या विद्यापीठांच्या सामन्यांनाही लाखभर माणसे जमतात. ज्याने विद्यापीठाची पायरी कधी चढलेली नाही असा माणूससुद्धा त्या संघाला ‘आमचा संघ’ म्हणतो. हे ‘आमचा’ म्हणणे विद्यापीठाला हवे असते, आणि स्टेडियमचा सारा खटाटोप त्यासाठीच असतो.

जुन्या घरांची रीत

जुन्या विद्यापीठांना हा खटाटोप तुलनेने सोपा गेला. हार्वर्डचे काँक्रीटचे स्टेडियम १९०३ मध्ये उभे राहिले, तेव्हा १८७९ साली पदवी घेतलेल्या तुकडीने १ लाख डॉलरची देणगी दिली होती. पुढे तीनच वर्षांत या वास्तूने खेळाचे नियम ठरवण्यातही वाटा उचलला. खेळातले जीवघेणे अपघात कमी करण्यासाठी मैदान रुंद करावे अशी सूचना आली होती. पण हार्वर्डचे काँक्रीट हलणार कसे? म्हणून मैदान तेवढेच ठेवून १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा देण्यात आली, असे या खेळाचे इतिहासकार सांगतात. जागा एकदा ठरली की ती माणसांनाच आपल्याप्रमाणे वाकवते, याचा हा नमुना.

पहिल्या महायुद्धानंतर दुसरी रीत रूढ झाली. युद्धात कामी आलेल्यांचे स्मारक म्हणून वर्गणी गोळा करायची आणि स्मारक म्हणून स्टेडियम बांधायचे. इलिनॉय, नेब्रास्का आणि कॅलिफोर्निया या तिन्ही विद्यापीठांची ‘मेमोरियल स्टेडियम’ १९२३ मध्ये खुली झाली. वीरांच्या नावाने मागितलेल्या पैशाला नाही म्हणणे अवघड असते. मात्र श्रद्धेने पैसा उभा राहिला तरी जागेची निवड शहाणपणाची होतेच असे नाही. कॅलिफोर्नियाचे बर्कलीतील स्टेडियम एका दरीच्या तोंडाशी बांधले गेले, आणि तिथून हेवर्ड प्रस्तरभंग, म्हणजे भूकंपाची रेषा, थेट मैदानाखालून जाते. जवळजवळ नव्वद वर्षांनी, २०१२ मध्ये, तिथला पुनर्बांधणीचा प्रकल्प पुरा झाला तेव्हा त्याचा खर्च ३० कोटी डॉलरच्या वर गेला होता.

तिसरी रीत व्यापारी. मिशिगन विद्यापीठाने १९२७ च्या आपल्या स्टेडियमसाठी प्रत्येकी ५०० डॉलरचे ३००० रोखे विकायला काढले. व्याज ३ टक्के. रोखेधारकाला मोक्याच्या जागेची हंगामाची दहा तिकिटे विकत घेण्याचा हक्क. म्हणजे व्याजापेक्षा बसायच्या जागेचे आमिष मोठे. देणगी, स्मारक आणि रोखे या तिन्ही वाटांत एक गोष्ट समान होती. संघ आधीपासून होता, त्याच्यावर जीव टाकणारी माणसे होती, आणि स्टेडियम त्यांच्या मागून आले.

ही साखळी तुटूही शकते. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये फुटबॉल बंद केला. डिसेंबर १९४२ मध्ये तिथल्या ओस पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षक-सज्जाखाली मानवनिर्मित अणुसाखळी-क्रिया प्रथमच घडवण्यात आली. पुढे ते स्टेडियम पाडले गेले; आज त्या परिसरात विद्यापीठाचे ग्रंथालय आहे.

धावपट्टीवरचे विद्यापीठ

फ्लोरिडा अटलांटिकची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात बोका रॅटनला लष्कराचा विमानतळ होता. १९४२ पासून तिथे रडारचे प्रशिक्षण दिले जाई. युद्ध संपल्यावर उरलेल्या त्या सपाट माळावर हे विद्यापीठ १९६४ मध्ये सुरू झाले. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आले होते. जुन्या धावपट्ट्या विद्यार्थ्यांच्या मोटारी उभ्या करायला कामी आल्या.

त्या माळावर विद्यार्थ्यांआधी राहायला आलेले रहिवासी म्हणजे बिळात राहणारी छोटी घुबडे. आपल्याकडच्या पिंगळ्याची ही चुलतभावंडेच. उघडी, सपाट जमीन त्यांना आवडते, आणि विमानतळाने ती आयतीच करून दिली होती. १९७१ मध्ये ऑड्युबॉन या पक्षिप्रेमी संस्थेने हे आवार त्यांचे अभयस्थान म्हणून घोषित केले. पुढे संघाचे नावही ‘आउल्स’, म्हणजे घुबडे, असेच पडले. घुबड हे लक्ष्मीचे वाहन आहे हे तिथे कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण या संघाची कहाणी लक्ष्मीला बोलावण्यातच गेली.

विद्यापीठाची खरी अडचण पैशाहून वेगळी होती. इथे सुरुवातीची वीस वर्षे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे वर्गच नव्हते. दुसरीकडे दोन वर्षे शिकून विद्यार्थी इथे येत आणि पदवी घेऊन जात. प्रथम वर्षाचे विद्यार्थी १९८४ मध्ये आले. त्यातले अनेकजण घरून मोटारीने येणारे, तास संपला की परतणारे. अशा ठिकाणी शिक्षण होते, ऋणानुबंध जुळत नाहीत. आणि ज्याचा ऋणानुबंध नाही तो पुढे देणगीही देत नाही.

यावर उपाय म्हणून अध्यक्ष अँथनी कॅटनीज यांच्या कारकिर्दीत फुटबॉल सुरू करण्याचे ठरले, आणि १९९८ मध्ये हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांना बोलावण्यात आले. हा माणूस साधा नव्हता. १९८३ च्या हंगामात त्यांनी मायामी विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते, आणि नंतर लुईव्हिलचा मरगळलेला संघ उभा केला होता. आता त्यांच्या हातात खेळाडू नव्हते, चेंडू नव्हता, मैदान नव्हते. होते ते फक्त स्वतःचे नाव. त्या नावावर निधी गोळा करणे हे त्यांचे पहिले काम. संघाची घडी बसवायला आलेले श्नेलेनबर्गर पुढे स्वतःच प्रशिक्षक झाले. २००१ मध्ये संघ पहिल्यांदा मैदानात उतरला तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. स्लिपरी रॉक या छोट्या विद्यापीठाने तो पहिला सामना ४०-७ असा जिंकला.

बिऱ्हाडाची वर्षे

तो सामना मायामीच्या व्यावसायिक संघाच्या प्रचंड स्टेडियममध्ये झाला. विद्यापीठापासून ते चाळीस किलोमीटरहून अधिक दूर. नंतर संघाने बिऱ्हाड हलवले ते फोर्ट लॉडरडेलच्या लॉकहार्ट स्टेडियमात. मूळचे शाळांच्या सामन्यांसाठी बांधलेले, आवारापासून सुमारे वीस किलोमीटरवरचे. भाड्याच्या जागेत नव्या संघाची गुंतवणूक वाचते, आणि म्हणूनच नवे संघ बहुधा तिथूनच सुरुवात करतात. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१० मध्ये असेच व्यावसायिक संघाच्या छताखाली खेळायला सुरुवात केली, आणि २०१७ मध्ये ते १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या, नंतर बेसबॉलकडे गेलेल्या स्टेडियमात राहायला गेले. याउलट शार्लट येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने २०१३ मध्ये संघ आणि आवारातले स्टेडियम एकदमच सुरू केले. पण आकार बेताचा, सुमारे १५ हजारांचा, आणि पैशासाठी जागांचे परवाने विकण्यापासून १ कोटी डॉलरच्या देणगीपर्यंत सारे मार्ग वापरून.

भाड्याच्या घराचा तोटा पैशात मोजता येत नाही. सत्तर हजारांच्या स्टेडियमात दहा हजार माणसे बसली की ते रिकामे दिसते. शिवाय सर्वोच्च श्रेणीत टिकायचे तर घरच्या सामन्यांना सरासरी १५ हजार प्रेक्षक दाखवावे लागतील, असा राष्ट्रीय क्रीडा संघटनेचा नियम होता. वसतिगृहातला मुलगा वीस किलोमीटर मोटार चालवून सामन्याला जाण्यापेक्षा घरी जाणे पसंत करतो. म्हणजे ज्या जिव्हाळ्यासाठी संघ काढला तो जिव्हाळाच भाड्याच्या जागेत रुजत नव्हता. मैदानावरची कामगिरी वाईट नव्हती. २००७ मध्ये संघाने आपल्या गटाच्या विजेतेपदात वाटा मिळवला आणि न्यू ऑर्लिन्सचा मानाचा सामनाही जिंकला. तरी त्याला घर नव्हते.

म्हणून जागेचा निर्णय झाला तो आवारातच. जवळच सुमारे बाराशे विद्यार्थ्यांची नवी वसतिगृहे त्याच वर्षी उघडली. घरून येऊन घरी जाणाऱ्यांचे विद्यापीठ राहणाऱ्यांचे व्हावे, हा हेतू त्या आराखड्यात स्वच्छ दिसतो. वरच्या सज्जातून अटलांटिक महासागर दिसतो, याचीही जाहिरात झाली.

पैशाची बाजू इतकी निळीशार नव्हती. बांधकामाचा मोठा भाग कर्जातून झाला. अशा मधल्या फळीच्या विद्यापीठांत क्रीडा विभागाचे उत्पन्न तिकिटांतून फारसे येत नाही. मोठा आधार असतो तो विद्यार्थ्यांच्या शुल्काचा. फ्लोरिडात प्रत्येक विद्यार्थी जितके अभ्यासक्रम घेतो त्या प्रमाणात क्रीडा शुल्क भरतो. रात्रीची नोकरी सांभाळून शिकणारी, आयुष्यात एकही सामना न पाहणारी मुलगीही ते भरते. हार्वर्डच्या तुकडीने आपखुशीने दिले होते; इथे देणाऱ्याला कुणी विचारले नव्हते.

नावाचा बाजार

कर्ज फेडायचे तर नाव विकायचे, हा आता सार्वत्रिक मार्ग आहे. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी विद्यापीठाने जाहीर केले की स्टेडियमला ‘जीईओ ग्रुप’ या कंपनीचे नाव दिले जाईल. मोबदल्यात कंपनीच्या प्रतिष्ठानाकडून १२ वर्षांत ६० लाख डॉलर मिळतील. कंपनी बोका रॅटनचीच. तिचे प्रमुख जॉर्ज झोली याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि विश्वस्त मंडळाचे माजी अध्यक्ष. वरवर पाहता घरच्याच माणसाने घराला हातभार लावला होता.

पण कंपनीचा धंदा खासगी तुरुंग चालवण्याचा, आणि परवान्याविना आलेल्या स्थलांतरितांना डांबून ठेवण्याच्या केंद्रांचा. असे एक केंद्र जवळच्याच पॉम्पॅनो बीचमध्ये होते. आपल्या विद्यापीठाचे नाव तुरुंगाच्या नावाशी जोडले जाणार, हे विद्यार्थ्यांना सहन झाले नाही. अल्काट्राझ या कुप्रसिद्ध तुरुंगाच्या नावात आपली घुबडे मिसळून त्यांनी स्टेडियमला ‘आउलकाट्राझ’ असे टोपणनाव दिले. अध्यक्षा मेरी जेन सॉन्डर्स यांच्या कार्यालयात ठिय्या दिला. प्राध्यापकही पुढे आले, देशभरच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली. १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीने देणगी मागे घेतली. हा वाद आणि त्याच सुमारास वर्गातल्या एका पाठावरून उठलेला दुसरा वाद, यांनंतर मे महिन्यात अध्यक्षांनी राजीनामा दिला.

विरोधकांना तेव्हा एक व्यावहारिक प्रश्न विचारला गेला, आणि तो रास्त होता. हे ६० लाख गेले, तर ती तूट कोण भरणार? उत्तर उघड होते: काही अंशी तीच मुले, शुल्कातून. पवित्र्याची किंमत त्यांच्याच खिशातून जाणार होती. तरीही त्यांनी नकार दिला. हा नकार केवळ भावनेचा होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

स्टेडियम आवारात आणण्यामागचा हेतू पुन्हा आठवावा. विद्यार्थ्यांनी ‘आमचे’ म्हणावे, एवढाच तो होता. विद्यापीठाच्या कल्पनेत त्या ‘आमचे’चा अर्थ होता निळा-लाल सदरा घालून सज्जात बसणे आणि आरोळ्या ठोकणे. पण मालकीची भावना अशी बेतून देता येत नाही. ज्याला एखादी वास्तू आपली वाटते तो तिच्या दारावरची पाटीही वाचतो. ते स्टेडियम वीस किलोमीटरवर भाड्याचे असते, तर त्याला कुणाचेही नाव दिले असते तरी वसतिगृहात चर्चाही झाली नसती. म्हणून जागेची निवड चुकली की बरोबर ठरली याचा निवाडा मला प्रेक्षकांच्या आकड्यांत दिसत नाही. तो कार्यालयाबाहेरच्या त्या ठिय्यात दिसतो. विद्यापीठाला हवा तो जिव्हाळा मिळाला होता. फक्त त्याने पहिला शब्द उच्चारला तो ‘नाही’ हा.

२०१४ मध्ये मैदानाला हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांचे नाव देण्यात आले. त्यांनी स्वतः त्या स्टेडियमात एकच, हरत गेलेला हंगाम प्रशिक्षक म्हणून काढला होता. २०११ अखेर ते निवृत्त झाले आणि मार्च २०२१ मध्ये वारले. काहीच नसताना ज्याने या संघाला आपले नाव उसने दिले, त्याला ते मैदानावर परत मिळाले. त्या पाटीविरुद्ध कुणी ठिय्या दिला नाही.