ग्वामचा माशीमार : कायदा पोहोचण्याआधी संपलेला पक्षी

१/
मे १९८४. पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटाच्या माशीमार पक्ष्यांपैकी शेवटचा ज्ञात नर बंदिवासात मरण पावला. त्याच वर्षी २७ ऑगस्टला अमेरिकेने या पक्ष्याला ‘संकटग्रस्त’ म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. संरक्षण आले, तेव्हा पक्षी उरला नव्हता.

२/
निळसर काळे डोके, फिकट बदामी छाती, रुंद चोच. दमट अरण्यात उडते कीटक टिपणारा हा चिमुकला पक्षी जगात केवळ ग्वामवरच आढळे. स्थानिक चामोरो लोक त्याला ‘चुग्वांगग्वांग’ म्हणत. महाराष्ट्रात दिसणारा स्वर्गीय नर्तक याच कुळातला.

३/
१८१९ मध्ये लुई द फ्रेसिने या फ्रेंच दर्यावर्दीचे ‘उरानी’ जहाज ग्वामला आले होते. पुढे १८८१ मध्ये एमिल उस्ताले याने या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला फ्रेसिनेचे नाव दिले.

४/
ग्वाम १८९८ पर्यंत स्पेनकडे होते, नंतर ते अमेरिकेकडे गेले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने ते जिंकले आणि १९४४ मध्ये तुंबळ युद्धानंतर अमेरिकेने परत घेतले. या रणधुमाळीतूनही माशीमार तगला. त्याचा घात युद्धोत्तर मालवाहतुकीने केला.

५/
न्यू गिनीच्या उत्तरेकडील बेटांवरील लष्करी सामानाबरोबर तपकिरी वृक्षसर्प ग्वामला पोहोचला असावा, असे मानले जाते. झाडांवर चढणारा हा निशाचर साप घरट्यांतील अंडी, पिल्ले आणि झोपलेले पक्षी खातो. असा शत्रू ग्वामच्या पक्ष्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

६/
आधी बेटाच्या दक्षिण भागातील अरण्ये मूक झाली, मग ती शांतता उत्तरेकडे सरकली. संशय कीटकनाशकांवर आला, पक्ष्यांच्या रोगांवरही आला. सापाकडे मात्र फार काळ कोणी गांभीर्याने पाहिले नाही. माशीमाराचा शेवटचा आश्रय उत्तर टोकाच्या कड्याखालील अरण्यात उरला.

७/
जीवशास्त्रज्ञ ज्युली सॅविज यांनी या शक्यता एकेक करून तपासल्या. साप कोठे केव्हा पोहोचला आणि पक्षी कोठून केव्हा नाहीसे झाले, यांचा क्रम जुळत होता. त्यांचा निर्णायक शोधनिबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर माशीमार जाऊन तीन वर्षे लोटली होती.

८/
ग्वामच्या चष्मेवाल्याचीही हीच कथा. तो १९८३ मध्ये शेवटचा दिसला, संरक्षण १९८४ मध्ये मिळाले. ‘नामशेष’ म्हणून माशीमाराला संरक्षित यादीतून २००४ मध्ये आणि चष्मेवाल्याला २०२३ मध्ये वगळण्यात आले.

९/
पक्षी गेल्याचा परिणाम अरण्यावरही झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पावसाळ्यात ग्वामच्या अरण्यात शेजारच्या बेटांच्या तुलनेत सुमारे ४० पट कोळी आढळले. कीटक व कोळी टिपणाऱ्या चोचीच नाहीशा झाल्या होत्या.

१०/
मात्र ग्वामचा खंड्या वाचला, कारण १९८४ ते १९८६ दरम्यान २९ पक्षी पकडून प्राणिसंग्रहालयांत नेले गेले. त्यांच्या वंशातील नऊ पक्षी २०२४ मध्ये पाल्मिरा या सर्पहीन प्रवाळद्वीपावर सोडण्यात आले. खंड्यासाठी धावाधाव वेळेत झाली. माशीमाराच्या वाट्याला तेवढे महिनेही आले नाहीत.