रिव्हेट नावेची गळती-दुरुस्ती

ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे रिव्हेटने जोडून बांधलेल्या लहान नावेत पाणी झिरपू लागल्यावर करावयाची डागडुजी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशा नावांचा प्रसार झाला. लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने विमानबांधणीचेच तंत्र वापरून ॲल्युमिनियमच्या कॅनू बाजारात आणल्या. त्यांतील अनेक अद्याप वापरात आहेत.

कारणे : रिव्हेटने पत्रे घट्ट आवळले असतील तोवरच सांधा पाणी अडवतो. लाटांचे तडाखे, ट्रेलरवरचे हादरे आणि इंजिनाची थरथर यांमुळे रिव्हेट सैलावतात, त्यांची भोके रुंदावतात व सांध्यातील सीलंट तडकते. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला तांबे किंवा पोलाद टेकले, तर विद्युत-रासायनिक क्रियेने पत्रा खाल्ला जातो.

गळतीचा शोध : तळाला नीट आधार देऊन नावेत थोडेच पाणी भरतात आणि बाहेरून ठिबकणाऱ्या रिव्हेटवर खूण करतात. पाणी लिटरला एक किलोग्रॅम भरत असल्याने नाव काठोकाठ भरल्यास तळ वाकतो.

दुरुस्ती : सैल पण शाबूत रिव्हेट पुन्हा ठोकून आवळता येतो. एकजण बाहेरून त्याच्या डोक्यावर ठोके देतो, तर दुसरा आतून शेपटावर जड पोलादी ठोकळा दाबून धरतो. झिजलेला रिव्हेट ड्रिलने काढून, भोक रुंदावले असल्यास पुढच्या मापाचा भरीव रिव्हेट सीलंट लावून बसवतात. आतून हात पोचत नसेल तेथे पॉप रिव्हेट चालतो. मात्र साधा पॉप रिव्हेट पोकळ असल्याने त्यातूनच पाणी येते, म्हणून बंद टोकाचा घ्यावा. झिरपणारा सांधा घासून, तेलकटपणा काढून आतून इपॉक्सीने किंवा पॉलियुरेथेन सीलंटने बुजवतात. सिलिकॉन टाळावे, त्याचा अंश राहिल्यास पुढे रंग वा इपॉक्सी धरत नाही. वेल्डिंग टाळावे, कारण त्याच्या उष्णतेने पातळ पत्रा वेडावाकडा होतो, कठीण केलेला मिश्रधातू मऊ पडतो आणि शेजारचे रिव्हेट ढिले होतात. रिव्हेटभोवती पत्राच चिरला असल्यास सीलंट लावून ॲल्युमिनियमचे ठिगळ रिव्हेटने जोडतात.

खबरदारी : तांबेयुक्त रंग तळाला देऊ नये, तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले प्लायवूड आतील फळीसाठी वापरू नये. सीलंट पूर्ण सुकल्यावर पुन्हा पाणी भरून तपासणी करतात.